दाराबाहेर दोन जोड चपला

देवासला आलो तेव्हा कारखान्यामागच्या लाईनीत आम्हाला एक खोली मिळाली. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आठ बिऱ्हाडं आणि दोन संडास. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा असलं काही नव्हतं. जो रिकामा तो आपला. कडी धड लागत नसे, म्हणून सगळ्यांनी एक रीत धरली होती. चपला दाराबाहेर काढून आत जायचं आणि परत आल्यावर नळावर पाय धुवायचे. बाहेर चपला दिसल्या की लांब उभं राहून खोकायचं. दोन जोड दिसले तर समजायचं की आजाऱ्याला कुणी धरून नेलंय, आणि तिथून निघूनच जायचं. मला टायफाईड झाला तेव्हा बायकोनं असंच वीस दिवस नेलं. कुणी हसलं नाही.

ती धारची. तिचे आजोबा संस्थानात कारकून होते, त्यामुळे तिचं मराठी जुनं आणि स्वच्छ. माझं आधी घाटावरचं, मग अर्धं हिंदी झालेलं. "तुमचं बोलणं म्हणजे भेळ आहे," म्हणायची.

धारला जायचं असलं की ती आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करी. वाटेत बस बदलावी लागे आणि बाईनं जावं असं ठिकाण नसे. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं, एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, बायकांना तहानच कमी लागते.

मी रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलता यायचं, पण शब्द घसरायचे. उठवायचं, बसवायचं, लुगडं सोडायचं, नेसवायचं, सगळं मी शिकलो. तिला एकच पाहिजे होतं, धारला जाऊन आईला बघायचं. आई पंच्याऐंशीच्या पुढची, अंथरुणातच. मी म्हटलं, आधी घराच्या कागदावर तुझा अंगठा होऊ दे, मग धार. घर तिच्या नावावर होतं आणि अंगठा समोर येऊनच द्यायचा होता. हा क्रम मी लावला. आधी धारला गेलो असतो तर काय बिघडलं असतं?

अंगठ्यासाठी तिला नेलं ती इमारत नगरपालिकेच्या मालकीची. कुठली ते सांगत नाही. दोन तास बाकावर बसवलं. मग ती म्हणाली, "अहो, मला जायचंय." पुरुषांच्या संडासात ती गेली नसती, आणि तिथं दारंही नव्हती. बायकांच्या दाराशी मी हाक मारली, आत कुणी नव्हतं. आसपास विचारायला एक बाई दिसेना आणि बायकोला थांबवेना. मग मी लाईनीत करायचो तेच केलं. तिच्या चपला बाहेर काढल्या, शेजारी माझ्या काढल्या आणि तिला धरून आत नेलं.

चपला कोण बघतो तिथं. एक बाई सरळ आत आली आणि किंचाळली. मागून शिपाई आला, त्याच्यामागं चार माणसं. मी एका हातानं बायकोला धरलेलं, दुसऱ्या हातात तिचं लुगडं. शिपाई म्हणाला, "क्यों भिया, इस उमर में?" मागचे हसले. मी म्हटलं, माझी बायको आहे, दार लावा. दार लावायला कुणाला सुचलं नाही. ती बोलायला गेली तर नुसता आवाज निघाला.

अंगठा न देताच घरी आलो. त्या दिवसापासून तिनं उंबरा ओलांडला नाही. धारला रिक्षानं नेतो, मोटार करतो, वाटेत शेतात थांबू, सगळं म्हणून झालं. तिनं मान हलवली नाही.

मग मी त्याच कचेरीत अर्ज केला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, तीनदा लिहून काढला. एक खोली करा, आतून कडी लागेल अशी. दारावर बाईचं चित्र नको, पुरुषाचं नको. ज्याला कुणाला धरून न्यावं लागतं त्यानं न्यावं. टेबलावरचा बाबू चांगला होता, पण कागद उलटसुलट करत म्हणाला, "काका, इसको किस खाते में डालूँ? महिला में कि पुरुष में?"

मी म्हटलं, "जी बाई एकटी उठू शकत नाही, तिच्यात टाक."

तो म्हणाला की अर्ज पुढं जायला काकींना एकदा इथं आणावं लागेल, साहेब बघतील. घरी येऊन मी तिला सांगितलं. ती कितीतरी महिन्यांनी हसली, अर्ध्या तोंडानं. म्हणाली, "आधी खोली बांधा म्हणावं."

तोवर तिनं घरातही पाणी कमी केलं होतं. मला उठवायला नको म्हणून. घोट पाजला तर गालात धरून ठेवायची आणि मी वळलो की पदरात सोडायची. पदर ओला दिसायचा. मला वाटायचं लाळ आहे. लघवीचा विकार झाला, तो वर किडनीपर्यंत चढला, ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली.

दिवस झाल्यावर मी एकटा धारला गेलो. मेहुण्यांनी आईला काही कळवलं नव्हतं, म्हणाले, तुम्ही बघा कसं सांगायचं ते. म्हातारीनं माझा हात चाचपला, मग माझ्या मागं कुणी उभं आहे का ते बघत राहिली.

"जावईबापू, तिला सोडून एकटेच आलात?"

जन्मभर मी तोंडावर बोलणारा माणूस. तिथं जमलं नाही. म्हटलं, "वाटेत तिची सोय होत नाही, आई."

"हो, ती लाजाळूच पहिल्यापासून," म्हातारी म्हणाली. "घाई नाही म्हणावं. सोय झाली की ये."

मी सांगतो म्हटलं.