सुमतीबाई आणि आबांची बाज

सुमतीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिगवणला, आमच्या झोपड्यांच्या वस्तीवर. इंदापूरच्या शाळेतून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आम्ही उजनीच्या पाण्यात मासे धरून विकणारी माणसं. घरकुलं मंजूर झाली होती, पण तेवढ्या पैशात ठेकेदार हात लावायला तयार नव्हता. बाई म्हणाल्या, "मग आपणच बांधू. प्रत्येक घराला सगळ्यांनी हात लावायचा." माणसं हसली. बाईही हसल्या आणि दुसऱ्या दिवशी एक गवंडी व रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची गोणी घेऊन हजर झाल्या.

पाया खणण्याआधी त्यांनी प्रत्येकाला आपलं घर फक्कीनं जमिनीवर आखायला लावलं. मग त्या रेघांच्या आत घरातलं सामान मांडून बघायचं. शेजारच्या दत्तूभाऊंनी चूल, पेटी, पाण्याचा पिंप, सगळं मांडलं. त्यांचे वडील सोपानआबा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले होते.

"दत्तू, आबांची बाज कुठे?" बाईंनी विचारलं.

"आबा भाईर छपरात झोपत्यात, बाई. त्यास्नी हवा लागती."

"आबांनी तसं सांगितलं का?"

दत्तूभाऊ उगाच पिंप सरळ करू लागले. बाई आबांच्या उशाशी गेल्या. जड जिभेनं आबा म्हणाले, "थंडीचं लई गारठतो, बाई. पर माझ्यापायी रेघा मोडू नगा."

बाईंनी चौघांकडून आबांची बाज उचलून आत आणवली. ती मावेना. भिंत सरकवायची तर मधल्या बोळात, म्हणजे आमच्या दारापुढच्या वाटेवर. माझे यजमान भडकले. "मंग आमी जायचं कुठनं? वाटच ऱ्हात न्हाय!"

बाईंनी समजूत घातली नाही, की आवाज चढवला नाही. बाजेशेजारी त्या मातीत बसून राहिल्या. आम्ही सगळे उन्हात उभे. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी माझ्या सासूबाई पुढे झाल्या. आमच्या न्हाणीची रेघ त्यांनी पायानं पुसली आणि मूठभर फक्की घेऊन आतल्या अंगाला नवी ओढली. "आमची न्हाणी बारकी झाली तर काय बिघडतंय? वाट हिकडनं घ्या. म्हाताऱ्याला घरात घ्या."

आबांच्या भिंतीच्या पायाला पहिली कुदळ मारली ती माझ्या यजमानांनीच. बाजेच्या उंचीला खिडकी ठेवली. पुढे कित्येक वर्षं आबा तिथून जाणाऱ्या-येणाऱ्याला "काय घावलं का रं?" म्हणून हाका मारत. गेले तेही त्याच खोलीत, आपल्या माणसांत.

या कामातच मी गवंडीकाम शिकले. बाई तशा तापट. माझी पहिली भिंत ओळंब्यात नव्हती, एका अंगाला कलली होती; ती त्यांनी सगळ्यांसमोर पाडायला लावली. मी रडले. पण "बाईमाणसानं कुठं थापी धरायची असती व्हय?" असं गावात लोक म्हणू लागले, तेव्हा बाईंनी इंदापुरातल्या स्वतःच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा मलाच बांधायला दिला. त्याचा उतार चुकला. अजूनही पाणी मोरीकडे न जाता शेगडीकडे येतं. बाई फडकं फिरवत पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, "हा आमच्या मंदाचा पहिला ओटा." दुरुस्त करून देते म्हटलं, तर हात लावू देत नाहीत.

पंचाहत्तरीत आता गुडघे कुरकुरतात, तरी सुप्याजवळच्या नव्या वस्तीवर मी घरं बांधायला जाते, तर त्या माझ्यासोबत येतातच. परवा तिथल्या एका आजींनी त्यांचा हात धरून विचारलं, "बाई, आमची घरं व्हईस्तवर येशीला न्हवं?"

"घरं झाल्यावरही येईन," बाई म्हणाल्या. "चहा नको का प्यायला?"

त्या चहाला बाई जातीलच. पुढे त्या घरांत सुना येतील, नातवंडं खेळतील, खोल्या वाढवाव्या लागतील. त्या प्रत्येक वेळी "आधी बाईंना विचारा" असं म्हणता यावं, एवढं उदंड आणि निरोगी आयुष्य त्यांना लाभो.