छपरावरचा निळा डाग

इमारतींवर वारा कुठे किती दाब देईल, हे शर्ली एका इंजिनीअरिंग कंपनीत कॉम्प्युटरवर काढते. उंच टॉवर आणि त्यांच्या काचा, हेच तिचं रोजचं काम. उमेळे गावात शर्लीच्या घरापलीकडची वाडी विकली गेली आणि तिथे टॉवर येणार असं कळलं, तेव्हा तिचे पप्पा प्लासिड जेवताना म्हणाले, "आपल्या पत्र्यांचं काय होईल, ते बघ की तुझ्या कॉम्प्युटरवर."

तिने एका सुट्टीत स्क्रीनवर टॉवर उभा केला, त्याच्या पायाशी आपलं बैठं घर ठेवलं आणि पश्चिमेचा वारा सोडला. ओटीच्या पत्र्यांच्या कडेला गडद निळा डाग उमटला. तिथे वारा दाबत नाही, वर ओढतो, असं तिने सांगितलं. पप्पांना ते पटेना. वारा ढकलतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. तो ओढेल कसा?

मग तिने वाडीच्या कडेला अजून उभी असलेली नारळीची झाडंही स्क्रीनवर घातली. डाग फिका झाला. वाऱ्याची दिशा जरा वळवली, तर तो स्वयंपाकघरावर सरकला. ऑफिसातले वरिष्ठ म्हणाले, झाडं हिशेबात धरू नकोस, ती उद्या तोडली जातील. पण आज तर ती उभी होती.

"मग पत्र्यांना जास्तीचे बोल्ट मारायचे की नाही?" पप्पांनी विचारलं.

"मला नक्की सांगता येत नाही, पप्पा."

शेवटी त्यांनी ओटीच्या पत्र्यांना जास्तीचे बोल्ट मारून घेतले. स्वयंपाकघराचे तसेच राहिले, कारण मम्मीला तिथे धूळ नको होती.

टॉवर उभा राहिला, आणि पुढच्या मे महिन्यात भरदुपारी वादळ आलं. ते थांबताच शर्ली बाहेर धावली. ओटीचे पत्रे जागेवर होते. स्वयंपाकघराचेही जागेवर होते. उडाली होती ती शेजारच्या फ्लॉईडच्या गच्चीवरची शेड, जी तिने कॉम्प्युटरवर घेतलीच नव्हती.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर पप्पा ज्याला त्याला सांगत होते, शर्लीच्या कॉम्प्युटरने आमचं छप्पर वाचवलं. ती मध्ये बोलायला गेली. बोल्टांमुळे वाचलं म्हणावं, तर स्वयंपाकघर कशाने वाचलं? गणित चुकलं म्हणावं, तर तेही कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात फ्लॉईड जवळ आला. नवी शेड बांधतोय, एकदा बघून जा, म्हणाला.

"खात्री देता येणार नाही मला," ती म्हणाली.

"बघ तरी."

संध्याकाळी ती टेप घेऊन त्याच्या गच्चीवर गेली. मोजायला कुठून सुरुवात करावी ते ठरेना, म्हणून तिने टेपचं टोक आधी टॉवरकडच्या कोपऱ्याला लावलं.