अमेरिकेतली भूमिती

कराडच्या आमच्या शाळेच्या फाटकाशी गाडी उभी होती आणि मिलिंद, माझे यजमान, अधूनमधून हॉर्न वाजवत होते. सामान डिकीत बसले होते, विमानतळ गाठायचा होता. मी मात्र दहावी ‘ब’च्या वर्गात उभी होते. भूमितीतले वर्तुळाचे प्रकरण शिकवायचे राहिले होते, आणि ते राहिले आहे हे मुलांना सांगितल्याशिवाय निघणे मला जमेना. पहिल्या बाकावरच्या श्रद्धाने विचारले, “बाई, मग वर्तुळ कोण शिकवणार?”

“मीच. तिकडून,” मी म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कसे, हे कोणी विचारले नाही आणि माझ्याही मनात आले नाही.

माझे वडील शिक्षक होते. ते म्हणत, “गृहपाठ दिला की तपासायचा. तपासणं होणार नसेल तर द्यायचाच नाही.” विमानात मला सारखे तेच आठवत होते.

शाळेत राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, आणि माझ्यासारख्या नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आलेल्या मैत्रिणींनो, दिलेल्या त्या शब्दाचे पुढे काय झाले ते क्रमाने सांगते. क्रम सोडून सांगणे मला येत नाही.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात आलो. मिलिंद सकाळी ड्राइव्ह करून ऑफिसला जात. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. कागदोपत्री मला ‘डिपेंडंट’ म्हणतात. कराडला मी वर्गात शिरले की मुले उभी राहत. इथे कोणी उभे राहत नाही याचे दुःख नाही, पण इथे मला काही येते हे कोणाला ठाऊकच नव्हते, आणि सांगायला प्रसंगही नव्हता. म्हणून गराजमध्ये पांढरा फळा टांगला, मोबाईल स्टँडवर लावला आणि चॅनेल सुरू केले. पहिला व्हिडिओ असा सुरू होतो: “मुलांनो, बसा. मागच्या तासाला आपण काय पाहिले, ते आधी आठवू.”

तो पाहिला माझ्या नणंदेने, आणि तोही निम्मा.

शेजारची केतकी मूळची नागपूरची. औषधांच्या कंपनीत मार्केटिंग करते, आणि इथल्या राहणीवरचे तिचे स्वतःचे चॅनेल चांगले चालते. ती कळवळ्याने मदतीला आली. लोक माझा व्हिडिओ कुठपर्यंत पाहतात त्याचा आलेख उघडून तिने बोट ठेवले. “ताई, हे पाहा. तुम्ही ‘मागच्या तासाला’ म्हटलं का लोक पळून राहिले नं. उजळणी काढून टाका.”

“उजळणीशिवाय नवा पाठ कसा सुरू करणार?”

“यार ताई, त्यांनी मागचा तास पाहिलाच नाही. उजळणी कशाची?”

तिचे सगळेच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. आवाज स्वच्छ हवा, अक्षर मोठे हवे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, हे ती म्हणाली ते उत्तम शिक्षकही सांगतात. पण पुढे ती म्हणाली, पहिल्या तीन सेकंदांत उत्तर सांगून टाका. आता भूमितीची सिद्धता कशी लिहितात ते तुम्ही जाणता: आधी पक्ष, म्हणजे काय दिले आहे, मग साध्य, म्हणजे काय दाखवायचे, आणि मग सिद्धता, एकेक पायरी कारणासह. केतकीच्या जगात साध्य सांगितले की माणसे खूश होऊन निघून जातात. चॅनेलचे नावही तिने बदलायला लावले. ‘बाईंची भूमिती’ म्हटले तर नागपुरात धुणीभांडीवाली वाटेल, म्हणाली. नवे नाव ठरले ‘अमेरिकेतली भूमिती’. भूमिती अमेरिकेतली नसते, हे मी एकदाच म्हणून पाहिले.

मग एका रविवारी तिने माझ्या स्वयंपाकघरात एक छोटा व्हिडिओ घेतला. ताटाचा मध्य कसा शोधायचा? कागदाचा काटकोनी कोपरा ताटाच्या कडेवर ठेवा. कोपऱ्याच्या दोन्ही बाजू कडेला जिथे छेदतात ते बिंदू रेषेने जोडा. कोपरा सरकवून तेच पुन्हा करा. दोन रेषा जिथे छेदतात तो मध्य. असे का होते, हे मी त्यानंतर सावकाश समजावले होते. केतकीने तेवढे कापले.

तो व्हिडिओ कुठल्या कुठे पोहोचला. मी दोन दिवस टिप्पण्या वाचत होते. “काकू, ताट कुठून घेतलं?” “मागचा फ्रिज केवढा आहे हो.” “तिकडे कढीपत्ता मिळतो का?” “ओटा ग्रॅनाइटचा आहे का?” एवढ्या माणसांत ‘असे का’ हा प्रश्न एकालाही पडला नाही. मिलिंद जेवताना म्हणाले, “तुझ्यापेक्षा फ्रिजला फॅन जास्त मिळालेत.” मी हसले नाही. केतकी मात्र हरखली होती. “आता किराण्याच्या दुकानाचा टाका ताई, मग घराचा टूर. भूमिती मधूनमधून येऊ द्या.”

त्याच आठवड्यात श्रद्धाचा आवाजी निरोप आला, वडिलांच्या मोबाईलवरून. मागे तिची आई भांडी लावत होती. “बाई, ताटाचा व्हिडिओ आमच्या मामानंपण पाहिला. पण पेपरात सिद्धता विचारतात नं, ताट नाही विचारत. तुमचे लांब व्हिडिओ मी लावते. पण मधेच अडलं की काय करायचं? तुम्ही पुढंच जाता.”

वर्गाला नवे शिक्षक मिळालेले नव्हते. खेळाचे कदम सर तास सांभाळत होते. त्यांनी मैदानावर चुन्याच्या फक्कीने वर्तुळ आखून त्रिज्या पावलांनी मोजून दाखवली, असेही श्रद्धाने सांगितले. पूर्वपरीक्षा जवळ आली होती. माझ्या चॅनेलवर हजारो अनोळखी माणसे होती, आणि ज्यांना शब्द दिला ती मुले होती तिथेच अडलेली.

मी कदम सरांना फोन केला. शाळा सुटल्यावर त्यांनी मोबाईल टेबलावर पुस्तकांना टेकवून ठेवायचा आणि मी व्हिडिओ कॉलवर तास घ्यायचा असे ठरले. तिथली संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. केतकीला सांगितले तेव्हा ती मनापासून वैतागली. “ताई, हे तर कोणालाच दिसणार नाही. एवढा ऑडियन्स जमवला आपण. आता कुठं वाढून राहिला होता, अन् तुम्ही एका वर्गासाठी सोडता?” तिचे म्हणणे तिच्या जागी बरोबर होते. व्हिडिओ टाकणे थांबले तशी ती माणसे आठवड्याभरात पांगली. फ्रिजचीही कोणी चौकशी केली नाही.

पहिल्या तासाला दहावी ‘ब’ला मी अर्धवर्तुळातील कोन काटकोन का, ते शिकवू लागले. केंद्रापासून कोनाच्या शिरोबिंदूपर्यंत त्रिज्या काढली, दोन त्रिकोण झाले, प्रत्येकात पायाचे दोन कोन सारखे, असे म्हणून पुढची पायरी लिहायला वळले. इतक्या महिन्यांत गराजमध्ये मला कोणी अडवले नव्हते. त्यामुळे वेग वाढला होता आणि ते मला कळलेही नव्हते.

“बाई, थांबा ना. नाही समजलं. सारखे का?”

श्रद्धाच होती. मागून कोणीतरी म्हणाले, “मलापण नाही,” आणि वर्ग हसला. मी थांबले. सारखे का, कारण दोन्ही बाजू त्रिज्याच आहेत. हे वाक्य मी गाळले होते. ते लिहीपर्यंत चित्र गोठले, आवाज तुटला, पुन्हा जोडला गेला. तासाभरात एक प्रमेय झाले. या गतीने प्रकरण पूर्वपरीक्षेआधी पुरे होईल असे मला वाटत नाही, आणि त्याचा त्रास मला रोज सकाळी होतो.

घर म्हणजे काय, असे इकडे आलेली माणसे एकमेकांना विचारत असतात. इथे मी बोलत असताना ज्याला कळत नाही तो हलकेच हसतो आणि दुसरीकडे वळतो. चॅनेलवर बोटाने सरकवून टाकतो. ‘नाही समजलं, परत सांगा’ असे मला तोंडावर म्हणायचा हक्क ज्यांना वाटतो, ती माणसे जिथे आहेत ते माझे घर. ती अजून त्याच बाकांवर बसली आहेत. तास अर्धा टाकून उठून आले, ती मी.