दुबईच्या गाडीचं स्टिअरिंग

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट बिघडवायचा पहिला मान माझा असतो.

धाकटा भाऊ गजानन दुबईत क्रेन चालवतो. तिथं त्याला एक वापरलेली पांढरी गाडी पसंत पडली. कायमचं गावी, रिठदला परतताना ती सोबत आणायची आणि माय-बाबांना तिच्यातून पोहरादेवीच्या दर्शनाला न्यायचं, असा बेत. फोनवर म्हणाला, "दादा, सारी कमाई लावून राह्यलो. तू हो म्हणशीन तरच घेतो."

मी नियम वाचायला बसलो. गाडी किती जुनी चालते, कोणत्या बंदरात उतरते, कस्टम ड्युटी किती (इथं थांबून मी पाणी प्यालो). आणि स्टिअरिंग उजवीकडंच पाहिजे. तेवढ्यात गाडीत स्टिअरिंग धरून बसलेल्या गजाचा फोटो आला.

माय म्हणाली, "काहून रे, हा तं डाव्या बाजूले बसला!"

"माय, सेल्फी हाय. सेल्फीत सारं उलटं दिसते."

"मंग काचीवर लिवलं ते वाच," बाबा म्हणाले. "उलटं असन तं समजीन."

काचेवर अरबी होतं. ते सुलटं कसं दिसतं, हे आमच्या कॉलेजात शिकवलं नव्हतं! पण पदवीधरानं असं कबूल करायचं नसतं. "उलटंच हाय!" मी ठणकावलं आणि गजाला कळवलं, "घे!"

गजानं घेतली. इकडं बाबांनी गोठा रिकामा करून गाडीसाठी फरशी टाकली. म्हैस माझ्या खोलीच्या खिडकीशी आली आणि माझी पुस्तकं चघळू लागली. पोहरादेवीला गाडीत कोण कुठं बसणार यावरून दोन आत्यांचं बोलणं बंद झालं!

मग गाडी बंदरातून सोडवणाऱ्या मुंबईच्या एजंटचा फोन. "स्टिअरिंग उजवीकडे आहे ना, साहेब?"

"म्हणजे काय! शंभर टक्के!"

फोन ठेवून मी तो फोटो पुन्हा पाहिला. गजाला फोन लावला. "गाडीत बस. स्टिअरिंगसमोर. कोणता हात दाराकडं हाय?"

"डावा. इथं साऱ्याच गाड्या अशा असतात."

"अरे, मंग सांगितलं काहून नाही?"

"तू नियम वाचले म्हनला ना, दादा! मले वाटलं, त्यात आलं असन!"

आलं होतं. मीच वाचलं होतं.

गजानं गाडी तिथंच मित्राला विकली आणि तो तसाच गावी परतला. पोहरादेवीला आम्ही भाड्याच्या काळीपिवळी जीपमधून गेलो. गजा मागं, दोन आत्यांच्या मध्ये चेंगरून. बाबा पुढं, ड्रायव्हरला चिकटून, आणि अख्ख्या रस्त्यानं त्याच्या स्टिअरिंगकडं बघत.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलही न काढता भिंतीवरचा माझा पदवीदानाचा फोटो फिरवला. तोंड भिंतीकडं!

"बाबा, हे काय?"

"सेल्फी असन," ते शांतपणे म्हणाले. "उलटा करून पाहून राह्यलो, आता तरी शिकलेला दिसते का."