मेंदू मी नेला, कागद मी आणला

डॉक्टर दहा हातांवर उभा होता. नाकाला रुमाल. मालगुजार त्याच्याही मागे, खाटेवर. मधे मी, आणि मालगुजारांचा मेलेला कुत्रा.

"कवटी फोड. पण भेजा फुटला नाही पाहिजे," डॉक्टर म्हणाला. तो सावली गावच्या ढोरांच्या दवाखान्यातून आला होता. त्याच्या पिशवीत रबरी हातमोजे होते. मला दिसले. त्याने ते घातले नाहीत. मलाही दिले नाहीत.

मालगुजार म्हणाले, "याले कायले शिकवता जी? यायची जातच ढोरं फाडाची."

सगळे हसले. मीही हसलो. हे मी विसरलेलो नाही.

मी तेव्हा वीस-बावीसचा. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, सरकारनं काढून घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण गाव त्यांना मालगुजारच म्हणत होतं. गावातलं मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्या म्हारपुऱ्याकडे. म्हणून कुत्राही माझ्याकडे. मरायच्या आधी तो दोघांना चावला होता. मालगुजारांच्या पुतण्याला पोटरीवर. आणि त्यांचं बाहेरचं अंगण झाडणाऱ्या माझ्या मायला, मनगटावर. एकाच सकाळी. मायनं जखमेत लाल तिखट भरलं, फडकं बांधलं आणि उरलेलं अंगण झाडलं.

कुऱ्हाडीनं कवटी उघडली. मेंदू हातात घेतला. गार होता. डॉक्टरनं दुरून बाटली सरकवली, आत ग्लिसरीन. बाटली डब्यात, भोवती लाकडाचा भुसा. डब्यावर चिठ्ठी.

"नागपूरले घेऊन जा," मालगुजार म्हणाले. "तिथी तपासते. कुत्रा पिसाळला होता का नाई ते सांगते."

मूल गावापर्यंत चालत गेलो. तिथून छोट्या लाईनची गाडी. डबा मांडीवर. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मेंदू तपासायची खोली होती. खिडकीतून एका कारकुनानं डबा घेतला, चिठ्ठी वाचली.

"कुत्रा चावलेला मुलगा कुठंय?"

"गावाले हाये जी. माह्या मायलेही चावला."

"चिठ्ठीत एकच नाव आहे."

चिठ्ठीत नाही म्हणजे नाही, असं मला खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पाकीट दिलं. तोंड डिंकानं बंद. "मालगुजारांच्या हातात द्यायचं. फोडायचं नाही."

नाही फोडलं. गाडीत शिकलेली माणसं बसली होती. समोर एक मास्तर होता. त्याला दाखवलं असतं तर वाचलं असतं. नाही दाखवलं. सदऱ्याच्या आत, छातीला लावून आणलं. घाम लागू नये म्हणून खाली फडकं धरलं.

"तिथीच ठेव," मालगुजार म्हणाले. मी पायरीवर ठेवलं आणि मागे सरलो. गड्यानं त्यावर पाणी शिंपडलं, मग उचललं. मालगुजारांनी वाचलं. तोंड उतरलं. लगेच दमणी जुंपायला सांगितली. पुतण्याला गादीवर बसवलं.

"काय लिवलं हाये जी?" मी विचारलं.

"तुले काय कराचं हाये? तुह्या बापानं कधी कागद पाह्यला होता?"

"मायले चावलं हाये जी."

"तिले काई होत नाई. तुमच्या लोकायचं रगत कडक रायते."

दमणी गेली. तिच्यात जागा होती.

मायला सांगितलं, मालक असं म्हणाले. माय म्हणाली, "मंग ठीक हाये."

पुतण्याला पोटात चौदा सुया दिल्या. तो बरा झाला, अजून आहे.

महिना-सव्वा महिन्यानं मायचं मनगट झिणझिणू लागलं. मग झोप गेली. मग एका सकाळी मी पाण्याचा गडू पुढे केला आणि पाणी पाहताच तिचा गळा आतून आवळून आला. गडू फेकला तिनं. पुन्हा दिला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी मधेच ती शुद्धीवर आली. म्हणाली, "मले बांध बाबू. पोरायले जवळ येऊ देऊ नको."

मी बांधलं. मायला खांबाला बांधलं. गाठ मी मारली. तिसऱ्या दिवशी ती गेली. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

पुन्हा नागपूरला गेलो. त्याच खिडकीशी. या वेळी पांढऱ्या कोटातला एक म्हातारा होता, काचेखाली मेंदू बघणारा. त्याला सगळं सांगितलं. त्यानं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं.

"पिसाळलेला होता. त्याच पाकिटात लिहून दिलं होतं. चावलेल्या सगळ्यांना लगेच आणा, असं." मग म्हणाला, "आईला का नाही आणलंस?"

"पाकीट बंद होतं."

त्यानं रजिस्टर मिटलं. मग विचारलं, "मेंदू काढला कोणी?"

"मी."

"हातमोजे?"

"नव्हते."

त्यानं माझे हात उलटेपालटे करून पाहिले. माझ्या हाताला बाहेरच्या कोणी माणसानं लावलेला तो पहिला हात. "तुलाही सुया हव्या होत्या," तो म्हणाला. "आता वाट पाहायची."

मी वाट पाहिली. काही झालं नाही. भीतीही वाटली नाही.

त्याच दिवसांत मालगुजारांचा बैल मेला. गडी बोलवायला आला. मी उठलो नाही. मग मालगुजार स्वतः आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी आले.

"काऊन नाई येत?"

"तुमचं ढोर तुम्ही ओढा."

एवढंच बोललो. आवाज चढला नाही. बैल दोन दिवस अंगणात पडला. नंतर आम्हाला कोणी शेतात घेईना, विहिरीची वाट बंद झाली. मी बायको-पोरं घेऊन नागपूरला आलो. म्हाताऱ्यानं त्या खोलीत झाडू मारायला लावून घेतलं. भाकरीच्या सुट्टीत तो मला अक्षरं शिकवायचा. आधी मराठी, मग रिपोर्टपुरती इंग्रजी. दोन वर्षं लागली.

म्हातारा गेल्या वर्षी घरी बसला. परवा एटापल्लीकडून एक माडिया आदिवासी माणूस तशीच बाटली घेऊन आला. त्याच्या सावकाराची चिठ्ठी, चिठ्ठीत सावकाराच्या पोरीचं नाव. काल कारकुनानं त्याला पाकीट दिलं. फोडायचं नाही, म्हणाला. मी झाडू ठेवला. पाकीट घेतलं आणि फाडलं.

"कुत्रा पिसाळलेला होता," मी त्याला म्हणालो. "अजून कोणाले चावला?"

त्यानं आधी पायांकडे पाहिलं. मग धोतर वर केलं. पिंडरीवर दात उमटले होते.

मी त्याला हाताला धरून सुयांच्या खोलीत नेलं. आज सकाळी मला कागद मिळाला. सरकारी पाकीट फोडलं, जबाब द्या, नाहीतर नोकरी जाईल. मी तो स्वतः वाचला. जबाबही स्वतःच लिहिला. एक ओळ.

पुन्हा फोडीन.