खिळ्यांच्या वाट्या

धाकटी लग्न होऊन घरात आली त्याच वर्षी थोरल्या जावेनं तिची पुस्तकांची पेटी रद्दीवाल्याला देऊन टाकली. "जागा अडवून बसली होती," एवढंच म्हणाली आणि वर हसली. नवी सून काय बोलणार? पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पुढे ती प्राथमिक शाळेत ग्रंथपाल झाली, मुलं तिला पुस्तकबाई म्हणू लागली, तरी सकाळी वाचनालयाचं कपाट उघडताना तिला ती पेटी आठवायची आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

शाळेत तिनं एक तास सुरू केला. मुलांनी वाचनालयात यायचं आणि ज्याला ज्या गोष्टीचं वेड असेल तिचा माग काढायचा. मुलांनीच नाव ठेवलं, वेडाचा तास. कुणी मुंग्यांच्या मागे, कुणी कुलपांच्या. एक पठ्ठ्या तर जांभयांचा अभ्यास करायचा आणि सगळ्या वाचनालयाला जांभया द्यायला लावायचा. बाईंचा नियम एकच, दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला: ज्याचं काम त्यानंच सांगायचं.

थोरलीची लेक याच शाळेत, तिसरीत. तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीला वेड होतं गंजाचं. खिडकीपाशी तिनं वाट्या मांडल्या होत्या, एकीत साधं पाणी, एकीत मिठाचं, एकीत तेल, आणि प्रत्येकीत एक खिळा. "काकू, तेलातला अजून तसाच आहे गं," ती हळूच येऊन सांगायची. पुस्तकबाईचा तिच्यावर जीव होता. आईवरचा राग तिनं लेकीवर कधी काढला नव्हता.

वेडाच्या तासाची कामं पालकांना दाखवायचं प्रदर्शन जवळ आलं तशी थोरली शाळेत डोकावली. वाट्या बघून तिनं नाक मुरडलं. "चार लोकांत गंज दाखवणार? शोभा करून घ्यायचीय का?" पुस्तकबाई पुस्तकं वाटायला वर्गावर गेली होती, तेवढ्यात वाट्या रिकाम्या आणि खिळे कचऱ्यात. पुन्हा तेच. विचारणं नाही की सांगणं नाही. पुस्तकबाईनं खिळे वेचून टेबलाच्या खणात ठेवले आणि मनाशी म्हणाली, थांब, आता बघते तुझ्याकडे.

प्रदर्शनात चिमणीपुढे थर्माकोलचं दीपगृह होतं, वर गोल फिरणारा दिवा. थोरलीनं स्वतः खपून केलेलं. ती पहिल्या रांगेत मान ताठ करून बसली होती.

पुस्तकबाईनं अगदी मधाळ आवाजात विचारलं, "दिवा फिरतो कसा गं?"

चिमणीनं आईकडे पाहिलं. मग वाकून दीपगृहाच्या खाली बघितलं.

"खाली मोटर आहे, रबराच्या पट्ट्यानं जोडलीय," थोरलीला राहवलं नाही, जागेवरूनच सांगून टाकलं.

"अगं बाई. मग ताई, तुम्हीच या की पुढे. आमच्याकडे ज्याचं काम त्यानंच सांगायचं."

सगळं सभागृह हसलं. मुख्याध्यापकांनी तर भाबडेपणानं भाग दाखवायची लाकडी पट्टी तिच्या हातात दिली. थोरलीला उठावं लागलं आणि तिसरीतल्या पोरांच्या रांगेत उभं राहून मोटर समजावून सांगावी लागली. खोटं कशाला बोला, पुस्तकबाईला इतकं गोड काही कित्येक वर्षांत लागलं नव्हतं. जावेचा पडलेला चेहरा ती डोळे भरून बघत राहिली, त्या नादात चिमणी कधी निघून गेली ते तिला कळलंच नाही.

चिमणी वाचनालयात सापडली, शेवटच्या कपाटामागे. पुस्तकबाईनं खणातले खिळे काढून तिच्यापुढे धरले. "हे बघ, मी जपून ठेवलेत. पुन्हा वाट्या मांडू आपण."

चिमणीनं खिळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकू, मला येत नाही हे तुला माहीत होतं ना?"

पुस्तकबाईनं खिळे मुठीत मिटले.

"मग आईला विचारायचंस. मला का विचारलंस?"

त्या रात्री जेवताना थोरलीनं मान वर केली नाही. वचपा निघाला होता, अगदी पुरेपूर. चिमणी अजून वेडाच्या तासाला येते, नाइलाजानं. कुलपांच्या टेबलावर बसते, दुसऱ्याच्या कामाला हात लावते आणि खिडकीकडे पाठ करून बसते.