हेडफोन लागणारा टीव्ही

वृद्धनिवासातून फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या ऑफिसात डबा खात होते.

"ताई, तुमच्या वडिलांना आता हॉलमध्ये बसवता येणार नाही," तिथल्या संचालिकाबाई म्हणाल्या. "मॅच लागली की ओरडतात. काल तर बायका मालिका बघत होत्या, त्यांच्या हातातला रिमोट ओढून घेतला. खोलीत स्वतःचा टीव्ही लावा. आणि त्याचा आवाज बाहेर येता कामा नये. नाहीतर मग तुम्हीच बघा काहीतरी."

काहीतरी म्हणजे आबांना घरी आणायचं. ते आम्ही मागच्या वर्षी करून बघितलं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खुब्याचं हाड मोडल्यापासून आबा वॉकरवर. मी आणि नवरा दिवसभर कामावर. आबा दोनदा न्हाणीघरात पडले, दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनी दार फोडून त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर हे वृद्धनिवास शोधलं. दुसरं शोधायची ताकद माझ्यात नव्हती.

आबा शिवाजी पेठेत वाढले. पेठेतल्या माणसाला आपल्या तालमीची, म्हणजे गल्लीतल्या मंडळाची, फुटबॉल टीम असते, आणि ती त्याला मरेपर्यंत पुरते. या मॅचेस इथल्या केबलवर लागतात. वृद्धनिवासात केबल होती. म्हणजे टीव्ही साधा चालणार होता. फक्त हेडफोन लावायची सोय हवी, कारण आबांना ऐकू कमी येतं आणि ते आवाज शेवटच्या आकड्यापर्यंत नेतात. शिवाय खोलीत दुसरे एक आजोबा होते, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांनाही त्रास नको.

डब्याच्या सुट्टीत दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने मला थेट भिंतीएवढ्या टीव्हीसमोर उभं केलं.

"वैनी, ह्यो बगा. बोलला की चालू होतोय. रिमोटच नगं."

"माझे वडील त्याच्याशी भांडतील," मी म्हटलं. "बत्तीस इंची दाखवा. स्वस्त. हेडफोनची जागा असलेला."

"वडलास्नी हेडफोन? हौस हाय की."

"हौस नाही. नियम आहे."

स्वस्त टीव्हींना हेडफोनची जागा नव्हती आणि ज्यांना होती ते स्वस्त नव्हते. एका दुकानात रिमोटवर इतकी बटणं, की मलाच चष्मा लावावा लागला. तिसऱ्या दुकानात एक जुळून आला. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, पण बटणं मोठी होती. मी तिथेच उभ्याउभ्या हेडफोन लावून बातम्या ऐकल्या, दुकानदाराला बाहेर काही ऐकू येतंय का ते विचारलं. तो नाही म्हणाला. मी घेऊन टाकला. बजेटच्या थोडा वर गेला. तो जास्तीचा खर्च हेडफोनपायीच होता.

टीव्ही भिंतीवर चढला. आबांना मी हेडफोन कानावर चढवून दाखवला, कसा काढायचा ते दाखवलं, परत चढवायला लावला. त्यांनी सगळं मुकाट्याने केलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

पहिली मॅच रविवारी होती. दुपारी मी संत्री घेऊन गेले, तर आरडाओरडा जिन्यापर्यंत येत होता. मी जवळजवळ धावतच वर गेले.

हेडफोन कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेला होता. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. आबा एका कॉटवर, मेकॅनिक आजोबा दुसऱ्या कॉटवर, दोघंही टीव्हीकडे बघत एकमेकांवर ओरडत होते.

"पाय हाय का खुरपं त्ये!" आबा म्हणत होते.

"तुमच्या गोलकीपरला चष्मा घ्या आदी!"

"तुमच्या मंगळवार पेठेनं वर्गणी काढून द्यावा की!"

मला तेव्हा कळलं, मेकॅनिक आजोबा मंगळवार पेठेतले, म्हणजे विरुद्ध टीमचे. शिवाजी पेठेच्या माणसाला याहून वाईट शेजारी मिळू शकत नाही. निदान मला तसं वाटलं.

"आबा, हेडफोन का नाही लावला?"

"कानात घातल्यावर ह्येचं बोलणं कसं ऐकू यील?"

"मॅच ऐकायची की यांचं बोलणं?"

"मॅचमदी ऐकायचं काय असतंय? दिसतंय की." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "टीव्हीचा आवाज बंद हाय. तुमच्या बाईंनी तेवडंच सांगिटलंतं."

संचालिकाबाई दारातच उभ्या होत्या. मी संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. आबांचे कपडे किती बॅगांत मावतील, रजा कुठून काढायची, हे डोक्यात सुरूही झालं होतं.

"बाई, आमची काय तक्रार न्हाय हं," मेकॅनिक आजोबा म्हणाले. "ह्येंना हलवू नका. ह्येंची टीम हरताना बगायला कोण तरी पायजे."

आबा म्हणाले, "कोण हरतंय ते बगू."

बाई हॉलपर्यंत गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या.

"हॉलमध्ये मालिकेचाच आवाज एवढा आहे, की तुमचं काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "दार लावून घ्या. आणि गोल झाला की वॉकर आपटायचा नाही. खाली स्वयंपाकघर आहे, छताचे पोपडे पडतात. परत कुणी तक्रार केली तर मात्र मला ताईंना सांगावं लागेल."

"आपटत न्हाय," आबा म्हणाले. त्यांचा हात वॉकरवरच होता.

मी दार ओढून घेतलं. हेडफोन पिशवीत टाकला, दुकानदार परत घेईल असं काही नव्हतं, पण विचारायला काय जातं. खाली येऊन स्कूटर काढत होते, तेवढ्यात वरून एक आरोळी आली. गोल झाला होता. आवाज आबांचाच.

मी किल्ली फिरवली नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभी राहिले. आत भाकऱ्या थापल्याचा आवाज चालू होता, तो थांबला नाही. वॉकर आपटला नव्हता. मग निघाले.